ग्वाल्हेरच्या झाडांतले वटवटे

ग्वाल्हेरला जाऊन आले म्हटलं की समोरचा पहिल्यांदा किल्ल्याचं विचारतो. किल्ला आहे तिथेच आहे. तिथे राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या, मंजूच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसतो आणि धुकं असलं की दिसत नाही. मी त्याच्यावर चढले नाही. मी गेले होते वटवटे बघायला.

वटवट्या म्हणजे चिमणीहूनही लहान पक्षी. हिवाळा लागला की हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून खाली येतो आणि होळीच्या सुमारास परत जातो. त्यांच्या दोनचार जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की नवशिक्या माणूस वैतागून बगळे मोजायला लागतो. पाठ हिरवट-मातकट, पोट मळक्या पांढऱ्या रंगाचं, डोळ्यावर फिकट भुवई. त्यात हा पक्षी क्षणभर एका जागी बसेल तर शपथ. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत हललेलं पान तेवढं उरतं. म्हणून जाणती माणसं वटवटे कानांनी ओळखतात. हिरवट वटवट्या दोन तुकड्यांत, ठसक्यात बोलतो, ‘चिस्‌-ली’. चिफचॅफ नावाचा दुसरा एक आहे, तो एकच सूर लावतो, बारीक आणि उदास, ‘हीप’. थोडं थांबतो, पुन्हा ‘हीप’. उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही कुणी विचारत राहावं, तसा.

मी वाईची. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमच्याकडे चिफचॅफ फारसा येत नाही, पण हिरवट वटवट्याचा आवाज हिवाळाभर असायचा. सकाळी चहा गाळताना तो कानावर पडला की थंडी आली असं मी धरायचे. गेले दोन हिवाळे तो आला नाही. मी वाट पाहिली. घाटाच्या पायथ्याशी जाऊन पाहिलं, नदीकाठच्या करंजांखाली उभी राहिले. फवारण्या वाढल्या, झाडं तोडली, मग पाखरांनी यायचं कशाला, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. आमच्या पक्षी बघणाऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, “काकू, मी काल ऐकला.” मी तिला म्हटलं, “शिंपी पक्षी असेल. नवीन असताना सगळ्यांचंच चुकतं.”

मंजूला फोनवर हे रडगाणं सांगत होते, तर ती म्हणाली, “ताई, इथे तर झाडं भरलेली आहेत ना! तू येऊन जा. मला मिळाली ना सुट्टी आता कायमची.”

मंजू माझी आतेबहीण. आत्याला ग्वाल्हेरच्या घरात दिलेलं. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून गेलेले आणि तिकडचेच होऊन राहिलेले. लहानपणी मंजू नाताळच्या सुट्टीत आजोळी, म्हणजे आमच्याकडे यायची आणि मी तिला घेऊन पाखरं ऐकत हिंडायचे. पुढे तिचं लग्न, बँकेतली नोकरी, यांत ते सुटलं. आता निवृत्त झाल्यावर ती पुन्हा झाडांखाली उभी राहायला लागली होती. मी जानेवारीच्या शेवटी निघाले.

मुरार

स्टेशनवर मंजूचे यजमान विजयराव न्यायला आले होते. माकडटोपीत त्यांचे नुसते डोळे दिसत होते. धुकं असं की गाडीच्या दिव्यापुढे सायकलवाला एकदम उगवायचा. मंजू दारातच म्हणाली, “केवढी बारीक झालीस! चल, आधी हीटरजवळ बस. आज ऊन निघालं तर वर धूपेत बसू.”

तिची मराठी अशी. ‘धूपेत’ बसायचं, ‘ठंडी’ वाजते, आणि एखादी गोष्ट कळली तर ती ‘माहीत पडते’. आधी मला हसू यायचं. मग तिच्या तोंडून एखादा शब्द असा यायचा की मी गप्प व्हायचे. डब्याच्या झाकणाला ती अजून ‘ढापणं’ म्हणते. माझ्या आजीनंतर तो शब्द मी कुणाकडून ऐकला नव्हता. आत्या तो बरोबर घेऊन गेली आणि तिकडे तो राहिला.

जेवणातही तसंच. वरणावर फोडणी जिरं-हिंगाची, वरून सुकी लाल मिरची. आपलं चाकवत तिथे बथुआ होऊन पराठ्यात जातं. सकाळी विजयराव बाहेरून गरम बेडई घेऊन आले, म्हणजे डाळीचं सारण भरलेली जाडसर पुरी, आणि तिच्याबरोबर झणझणीत बटाट्याचा रस्सा. मी दोन खाल्ल्या. मंजूची लेक नेहा, कॉलेजात शिकते, ती म्हणाली, “मावशी, तिसरी घ्या ना, इतने में क्या होता है!”

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं जरा विरल्यावर मंजू आणि मी छावणीच्या बाहेरच्या रस्त्याला गेलो. मुरार हा ग्वाल्हेरचाच भाग, मूळची छावणी, त्यामुळे झाडं जुनी आणि जबरदस्त : कडुनिंब, शिरीष, चिंच. मी मोठ्या हौसेने दुर्बीण गळ्यात अडकवली होती. पन्नास पावलंही गेलो नसू, तोच एक जवान सावकाश चालत आला. “माताजी, ये दूरबीन यहाँ नहीं चलेगी. अंदर रख लीजिए.” अगदी अदबीने म्हणाला, पण समोर उभा राहिला तो दुर्बीण पिशवीत जाईपर्यंत हलला नाही.

मी हिरमुसले. मंजू मात्र खुशीत होती. “जाऊ दे ना, ताई. कानांनी बघू. तूच तर शिकवलंय.”

एका कडुनिंबाखाली ती थांबली. मान वर न करता म्हणाली, “हा हिरवट. ऐकलास? आणि तिकडे शिरीषावर दुसरा. दोघं भांडतायत.” थोडं पुढे गेल्यावर तिने माझा दंड धरला. “चिफचॅफ! हेज‌मध्ये, कुंपणाच्या झुडपात, खाली. किती दुःखी बोलतो ना हा?”

मला रस्त्यावरून जाणारा ट्रक ऐकू येत होता. कावळे, बुलबुल, लांब कुठेतरी बिगुल वाजत होता तो, आणि मंजूच्या चपलेखाली चुरडणारी पानं. आणखी काही नाही. मी श्वास रोखून उभी राहिले. मग म्हटलं, “हो, आहे खरा.”

ती पुढे चालत बोट दाखवत राहिली आणि मी मान डोलवत राहिले. मनात म्हणत होते, ट्रक फार आहेत. मग वाटलं, हिला पक्कं येत नसेल. मधे किती वर्षं गेली. नको नको ते विचार केले, पण एक सोडून.

दुपारी नई सडकवर गजक घ्यायला गेलो. तिळाचं हे कुरकुरीत, थराथरांचं प्रकरण आपल्या चिक्कीला फार मागे टाकतं. बोळात दुकानं एकमेकांना खेटून, रिक्षांचे भोंगे, घासाघीस, मधेच देवळातली घंटा. गजकवाला आतून पुटपुटला, “बहनजी, गुड़ वाली कि शक्कर वाली?” आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं. तेव्हा किती बरं वाटलं, हे मी मंजूला सांगितलं नाही. तिला वाटलं, मी गजक पाहून खूश झाले.

तिघरा

तिघऱ्याचं धरण शहराबाहेर आहे. वाटेत मोहरी फुललेली होती. आपल्याकडे मोहरी फोडणीत तडतडते तेवढीच ओळखीची. इथे क्षितिजापर्यंत पिवळी शेतं आणि मधून तांबूस दगडाच्या टेकड्या. विजयरावांनी गाडी बांधाजवळ लावली आणि स्वतः वर्तमानपत्र घेऊन उन्हात बसले. “तुम्ही बहिणी-बहिणी या फिरून. मला सगळी एकच चिमणी दिसते.”

इथे दुर्बिणीला कुणाची हरकत नव्हती. पाण्याच्या कडेने बाभळीची झुडपं आणि लव्हाळं. चिफचॅफला हीच जागा आवडते, पाण्याजवळची, खालची. मंजूला तो चार ठिकाणी ऐकू आला. एक माझ्या समोरच आहे, असं तिने खुणेने सांगितलं. मी पुढे सरकले आणि पाय घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. थंड पाणी बुटात शिरलं. मंजूने हात दिला, पण मी तिला थांबवलं, कारण तेवढ्यात पक्षी दिसला होता.

बाभळीच्या काटकीवर, अगदी जवळ. पायांचा रंग काळा, चोच काळी, पंखावर पट्टी नाही, आणि शेपटी दर क्षणाला खाली झटकत होता, जणू कुणीतरी दोरीने ओढतंय. चिफचॅफ, शंकाच नको. आयुष्यात इतक्या जवळून मी तो पाहिला नव्हता. मी चिखलात तशीच, दुर्बीण डोळ्याला लावून उभी होते. त्याने चोच उघडली. आतला रंगसुद्धा दिसला. चोच मिटली. शेपटी झटकली. पुन्हा चोच उघडली. गळ्याची पिसं थरथरली.

वारा नव्हता. ट्रक नव्हते. विजयरावांनी तिकडे लांबवर वर्तमानपत्राचं पान उलटलं ते मला ऐकू आलं. आणि तो पक्षी माझ्यासमोर हाताच्या अंतरावर बोलत होता आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

“बोलतोय ना?” मंजू मागून कुजबुजली.

“बोलतोय,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. मला दिसत होतं.

घरी येईपर्यंत मला हुडहुडी भरली. मंजूने गरम पाण्यात पाय बुडवायला लावले, आल्याचा चहा केला आणि ताप आहे का बघायला नेहाच्या हाती थर्मामीटर दिला, तो आकडे दाखवणारा. मी तो काखेत धरून बसले. नेहा फोनवर बोट फिरवत समोर बसली होती. बराच वेळ गेला. मला वाटलं, बिघडलाय बहुतेक.

नेहाने मान वर केली. “मावशी, हो गया ना! काढा. कधीचा वाजतोय, सुनाई नहीं दिया?”

मी थर्मामीटर काढून हातात धरला. ताप नव्हता. तो अजून वाजत होता म्हणे. मी कानाजवळ नेला. कानाला टेकवला. माझ्या हातात ती एवढीशी पांढरी कांडी होती, आणि नेहाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ती उठून आईला बोलवायला गेली.

मंजू पीठ लागलेल्या हातांनी आली. मी म्हटलं, “मंजू, वाईला वटवटे येणं बंद झालं नाहीये.”

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती माझ्याजवळ बसली, पिठाच्या हातांनीच तिने माझा हात धरला. “मुरारला पण...?”

“नाही. एकही नाही.”

“मग हो-हो का म्हणत होतीस?”

आत तव्यावर पोळी करपत होती, तिचा वास आला तेव्हा मंजू उठली.

परत आल्यावर मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, ते इथेच सांगून टाकते. वय झालं की आधी बारीक, उंच सूर जातात, माणसांचं बोलणं बराच काळ राहतं, त्यामुळे लक्षात येत नाही, असं ते म्हणाले. यंत्र मिळालं आहे. त्याने ताटवाट्या दणदणतात आणि कुकरची शिट्टी अंगावर येते. वटवट्याचा आवाज मात्र, आला तरी, कागद फाटल्यासारखा येतो. हळूहळू सवय होईल, असं डॉक्टर म्हणतात. त्या रात्री मंजूकडे मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी दोन हिवाळे ज्यांची वाट पाहिली ते माझ्या डोक्यावर बसून बोलत होते आणि मी त्यांच्याच झाडाखाली उभी राहून लोकांना सांगत होते की ते आले नाहीत, एवढंच मनात फिरत राहिलं.

बिर्लानगर

सकाळी मंजू म्हणाली, “आज कुठे नको जाऊ. इकडे एक चांगला डॉक्टर आहे, दाखवून घेऊ.”

“घरी जाऊन दाखवीन. आज शेवटचा दिवस आहे. पाखरं बघायला आलेय मी.”

“पण ताई...”

“बघायला,” मी म्हटलं.

ती मला बिर्लानगरला घेऊन गेली. तिचं लहानपण तिथलं. आत्याचे यजमान तिथल्या कापडगिरणीत होते. गिरण्या कधीच्या बंद झाल्या. कामगारांच्या चाळींपैकी काही राहत्या आहेत, काहींच्या भिंतींतून पिंपळ निघालेत. गर्दी नाही, रस्त्यावर बाया खाटा टाकून उन्हात मटार सोलत बसलेल्या. एका चाळीच्या मागे कडुनिंबांची रांग आहे आणि तिच्या कडेने वाहणाऱ्या नाल्यावर झुडपं. “इथे मी तुझ्यासारखं करायची,” मंजू म्हणाली. “सुट्टी संपवून वाईहून आले की एकटीच येऊन उभी राहायची. पोरी हसायच्या.”

मग आम्ही बघायला लागलो. कान नाहीत म्हटल्यावर डोळे काय काय बघतात! मी झाडाचे मजले पाडले. अगदी शेंड्याला, ऊन पडलेल्या पानांत जो होता त्याच्या पंखावर एकच बारीक फिकट पट्टी होती आणि खालची चोच पिवळसर. “हिरवट,” मी म्हटलं. मंजूने कान दिला, मान हलवली, “हो.” मधल्या फांदीवर दुसरा, आणखी बारका, पंखावर दोन पट्ट्या, भुवई रुंद, पानाखालचा किडा टिपायला हवेत पंख फडफडवत तरंगला. “हा तिसऱ्या जातीचा. दोन पट्ट्यांचा.” मंजू थांबली, मग हसली. “बरोबर. आत्ता बोलला.” एक होता तो नुसता बसून पिसं साफ करत होता. मंजूला सांगता येईना, कारण तो गप्प होता. मी सांगितलं, हिरवट. आम्ही वाट पाहिली. शेवटी तो बोलला असणार, कारण मंजूने माझ्या पाठीवर थाप मारली.

आनंद झाला का? झाला. आजवर मी या पक्ष्यांना इतकं नीट पाहिलंच नव्हतं. आवाज आला की नाव घ्यायचे आणि पुढे जायचे. पण प्रत्येक वेळी चोच उघडली की माझ्या आत काहीतरी पुढे झुकायचं आणि तसंच राहायचं.

नाल्याकाठच्या झुडपात चिफचॅफ होता. काळे पाय, शेपटीचा तो झटका. आम्ही एका ओट्यावर बसलो. तो आमच्यासमोर ये-जा करत बोलत होता.

“मंजू, कसा बोलतोय? मला करून दाखव.”

“मी? चल! लोक बघतायत.”

“बघू देत.”

तिने इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला. मग अगदी हळू, ओठ आवळून म्हणाली, “हीप.”

तिचा आवाज जाड आहे, बँकेच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बोलून बसलेला. पक्ष्याचा सूर त्यात मावेना. मी हसले, तीही हसली. मटार सोलणाऱ्या बाईने विचारलं, “का हुआ, भाभी?” मंजू म्हणाली, “कुछ नहीं, चिड़िया की बोली सीख रहे हैं.” बाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती पुन्हा मटारांकडे वळली.

“पुन्हा,” मी म्हटलं.

“हीप.”

खरा आवाज मी आठवून पाहत होते. तिघऱ्याला ती चोच पाहिली तेव्हापासूनच आठवत होते, आणि जितकी आठवत होते तितका तो दूर जात होता. आता मंजूचा सूर ऐकून त्याची कड दिसल्यासारखी झाली. असाच, पण पातळ. असाच, पण वरचा. मी दुर्बीण लावली. पक्षी चोच उघडायचा आणि मंजूचा आवाज क्षणभर मागून यायचा, कारण तिला आधी ऐकावं लागायचं.

“घाई कर जरा,” मी म्हटलं. “तो पुढे जातोय.”

तिने डोळे मिटून घेतले. त्याच्या लयीत शिरली. तो किती थांबतो, कधी पुन्हा बोलतो, हे तिला कळायला लागलं. “हीप.” थांबली. “हीप.” आणि एकदा दोघं एकदम आले. माझ्या दुर्बिणीत चोच उघडली त्याच क्षणी सूर आला, चोच मिटली तेव्हा थांबला. गळ्याची पिसं थरथरली. मी ऐकला. कुणाचा का असेना, त्या चोचीतून निघाला तो मी ऐकला.

पक्षी काटकीवरून उडाला आणि नाल्यापलीकडे गेला. मंजूचे डोळे मिटलेलेच होते. ती लयीत होती. “हीप,” ती म्हणाली, थांबली, आणि पुन्हा म्हणाली, “हीप.” समोरची काटकी अजून हलत होती. मी दुर्बीण त्या काटकीवरून काढली नाही, आणि मंजूलाही थांबवलं नाही.